मांजराचं इवलंसं पिल्लू सापडलंय? दुधाची बशी नंतर, आधी हे वाचा

कडब्याची गंज उपसताना, सकाळी दुकानाचं शटर वर करताना, नाहीतर पावसात भिजलेल्या गटाराच्या कडेला. मांजराची पिल्लं बहुतेक वेळा अशीच सापडतात. मुठीत मावतील एवढी, डोळे मिटलेले, आणि आवाज मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

पुढचं दृश्यही ठरलेलं असतं. घरातलं कुणीतरी दुधाचं पातेलं काढतं, बशीत थोडं दूध ओततं आणि पिल्लाचं तोंड त्यात टेकवतं. मांजर म्हटलं की दूध, हे समीकरण डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दुसरं काही सुचतच नाही. पिल्लू दोन दिवस तगतं, तिसऱ्या दिवशी सकाळी गार पडलेलं दिसतं. 'आईविना जगत नसतात ती' असं म्हणून विषय संपतो.

आईविना पिल्लू वाढवणं अवघड आहे, हे खरंच. पण यातली कितीतरी पिल्लं वाचू शकतात. त्यांचा जीव बऱ्याचदा थंडीनं, चुकीच्या दुधामुळे लागलेल्या जुलाबानं किंवा फुफ्फुसात गेलेल्या दुधानं जातो. या तिन्ही गोष्टी घरच्या घरी टाळता येतात.

घरच्या घरी हा शब्द महत्त्वाचा आहे. पुण्या-मुंबईत कोपऱ्यावर पेट क्लिनिक सापडतं, मांजराच्या दुधाची पावडर तासाभरात दारात येते. जामखेडसारख्या तालुक्याच्या गावी तसं नसतं. इथे पशुवैद्यक आहेत, पण त्यांचा दिवस गाई, म्हशी आणि शेळ्यांमध्ये जातो. नगर शहर सुमारे पाऊणशे किलोमीटरवर. म्हणजे पिल्लू सापडल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस घरच्यांनाच निभवावे लागतात आणि पिल्लाचं जगणं-मरणंही बहुतेक याच दिवसांत ठरतं.

जामखेडला हे नवीन नाही

दवाखाना लांब असताना इवल्याशा जिवाला घरातच कसं जगवायचं, हा प्रश्न जामखेडनं एकदा सोडवलेला आहे. अर्थात माणसांच्या बाळांसाठी.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडमध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा या भागातल्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. आरोळेंनी गावागावांतून बायका निवडल्या. त्यांच्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. या आरोग्यसेविकांना त्यांनी साध्या गोष्टी शिकवल्या: बाळाला उबेत ठेवा, हात धुवा, वजन करत राहा, जुलाब लागले तर साखर-मिठाचं पाणी द्या, आणि दवाखान्यात कधी न्यायचं ते ओळखा. पुढच्या दोन-अडीच दशकांत बालमृत्यूचा तो आकडा ५० च्याही खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि 'जामखेड मॉडेल' जगभर शिकवलं जाऊ लागलं.

मांजराचं पिल्लू म्हणजे माणसाचं बाळ नव्हे. पण पहिल्या काही आठवड्यांत त्याचे शत्रू जवळजवळ तेच असतात: गारठा, जुलाब, घाण आणि वेळेवर न ओळखलेला अशक्तपणा. उपायही बरेचसे तसेच आहेत.

पिल्लू खरंच अनाथ आहे का?

उचलण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण आईइतकं चांगलं दूध आणि आईइतकी चांगली ऊब कुणीच देऊ शकत नाही.

मांजरीला पोट भरायला बाहेर जावं लागतं. ती काही तास गायब असू शकते. शिवाय मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं जुनी माणसं म्हणतात, त्यात तथ्य आहे. जागा सुरक्षित वाटली नाही, माणसांची किंवा बोक्याची वर्दळ वाढली, की ती एकेक पिल्लू मानगुटीला धरून दुसरीकडे हलवते. तुम्हाला दिसलेलं एकटं पिल्लू हे या हलवाहलवीतलं शेवटचं पिल्लू असू शकतं.

म्हणून पिल्लू कोरडं, उबदार आणि शांत असेल, तर लांब उभं राहून वाट पाहा. तुम्ही दोन हातांवर बसलात तर ती येणारच नाही. सतत पहारा देणं शक्य नसेल तर पिल्लांभोवती जमिनीवर गव्हाच्या पिठाचं पातळ वर्तुळ करा. काही तासांनी त्यात पंजांचे ठसे दिसले, तर आई येऊन गेली. गुबगुबीत पोटाची, झोपलेली पिल्लं ही तर सगळ्यात मोठी खूण. त्यांना कुणीतरी नुकतंच पाजलेलं असतं.

माणसाचा हात लागला की मांजर पिल्लाला जवळ घेत नाही, असंही घरोघरी ऐकायला मिळतं. हे सहसा खरं नसतं. पिल्लू रस्त्यावर, उन्हात किंवा कुत्र्यांच्या वाटेवर असेल, तर ते उचलून जवळच्याच आडोशाला ठेवायला हरकत नाही. त्याच्या आवाजावरून आई शोधत येते.

पिल्लू गार लागत असेल, जखमी असेल, अंगावर मुंग्या किंवा माश्या असतील, आई मेलेली दिसली असेल किंवा पिल्लू तासन्‌तास ओरडत असूनही कुणी फिरकलं नसेल, तर मात्र वाट पाहत बसू नका.

उसाच्या फडात सापडलं असेल तर थांबा

नगर आणि शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात हा मुद्दा फार गंभीर आहे. ऊसतोडणीच्या हंगामात फडात मांजरासारखी दिसणारी पिल्लं सापडतात आणि ती दरवेळी मांजराची नसतात. बिबट्याची मादी उसात पिल्लं घालते. रानमांजर आणि वाघाटी यांचीही पिल्लं तिथे मिळतात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटीसुद्धा दीड किलोच्या आसपास भरते, त्यामुळे तिचं पिल्लू घरच्या मांजराचं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

जुन्नर परिसरात वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेनं अशी कितीतरी पिल्लं आईला परत मिळवून दिली आहेत. पद्धत साधी आहे. पिल्लू तपासून, ते सापडलं त्याच जागी संध्याकाळी ठेवायचं, आसपास कॅमेरा लावायचा आणि सगळ्यांनी निघून जायचं. रात्री मादी येते आणि पिल्लू घेऊन जाते. पण पिल्लू कुणी गावात नेलं, त्याच्यासोबत फोटो काढत दिवस घालवला, तर ही संधी हातची जाते.

त्यामुळे शेतात किंवा माळावर सापडलेल्या पिल्लाच्या अंगावर ठिपके किंवा पट्टे असतील आणि थोडीही शंका वाटत असेल, तर ते घरी आणू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. वन्यप्राण्याचं पिल्लू पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

वय कसं ओळखायचं?

पुढचं सगळं वयावर अवलंबून आहे. नाळेचा वाळका तुकडा पोटाला चिकटलेला असेल तर पिल्लू चार-पाच दिवसांच्या आतलं आहे. डोळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान उघडतात. मिटलेले डोळे बोटांनी उघडायचा प्रयत्न अजिबात करू नका. कान आधी डोक्याला चिकटलेले असतात, दोन-तीन आठवड्यांत उभे राहायला लागतात. तिसऱ्या आठवड्यात पिल्लू डगमगत चालतं आणि पुढचे बारीक दात दिसू लागतात. चौथ्या आठवड्यात ते पळतं, पडतं, भावंडांच्या शेपटीवर झडप घालतं.

सगळ्या पिल्लांचे डोळे सुरुवातीला निळे असतात. 'निळ्या डोळ्यांचं दुर्मीळ मांजर' म्हणून स्टेटस ठेवायची घाई करू नका. खरा रंग सहा-सात आठवड्यांनी दिसायला लागतो.

आधी ऊब, मग दूध

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही.

साधारण तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःच्या शरीराचं तापमान नीट सांभाळता येत नाही. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला थंडीनं कापतासुद्धा येत नाही. ते आईच्या पोटाला आणि भावंडांना चिकटून ऊब मिळवतं. एकटं पडलं की काही तासांत गारठतं. आणि अंग गार पडलं की आतड्यांची हालचाल मंदावते, गिळण्याची ताकद कमी होते. अशा वेळी पाजलेलं दूध पचत नाही, पोटात तसंच राहून कुजतं किंवा श्वासनलिकेत जातं. 'भुकेलं होतं म्हणून पाजलं आणि तासाभरात गेलं' या प्रसंगामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

पिल्लाच्या तोंडात करंगळीचं टोक घालून पाहा. आतून गार लागलं तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि त्याला ऊब द्या. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तुमचं अंग. पिल्लू मऊ सुती कापडात गुंडाळून शर्टाच्या किंवा ब्लाउजच्या आत छातीशी धरून बसा. कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी ठेवतात ना, तसंच. ऊब सावकाश द्यायची, अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त. चुलीपुढे धरणं, हेअर ड्रायरचा झोत मारणं किंवा गरम पाण्यात बुडवणं यानं फायद्यापेक्षा नुकसान जास्त होतं.

नंतर राहायला खोका करा. पुठ्ठ्याचा खोका, तळाला जुनी गोधडी, वर सुती लुगड्याचा तुकडा. टॉवेलचे निघालेले दोरे नकोत, पिल्लाची नखं त्यात अडकतात. प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरा, झाकण घट्ट लावा, बाटली पायमोज्यात घाला आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवा. एकाच बाजूला, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरपटत दुसरीकडे जाता येईल. पहिल्या आठवड्यात पिल्लाजवळची हवा ३० ते ३२ अंशांच्या आसपास हवी, नंतर दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी चालते.

इंटरनेटवर विजेच्या गरम गादीचे सल्ले भरपूर मिळतील. पण रात्री वीज जाण्याची शक्यता असलेल्या घरात बाटलीच बरी. ती दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते, कारण गार झालेली बाटली उलट पिल्लाच्या अंगातली ऊब खेचून घेते.

उन्हाळ्यात गणित उलटं होतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात दुपारी खोका म्हणजे भट्टी. पिल्लू हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर त्याला उकडतंय. तेव्हा बाटली काढा, खोका घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात हलवा. कूलरचा झोत थेट अंगावर घेऊ नका.

गाईचं दूध का नको?

'आमच्याकडे तर पिढ्यान्‌पिढ्या मांजरं दूध पिऊनच जगली' हा युक्तिवाद येणारच. ती मोठी मांजरं होती, ती उंदीर, पाली आणि ताटातलं उरलंसुरलंही खात होती, आणि त्यातल्या अनेकांना दुधाचा त्रास होतच होता. कुणी मोजत बसलं नव्हतं, इतकंच. चार दिवसांच्या पिल्लाचं पूर्ण पोट मात्र दुधावरच असतं.

गाईच्या दुधात साधारण तीन ते साडेतीन टक्के प्रथिनं असतात. मांजरीच्या दुधात त्याच्या दुपटीहून अधिक. मांजरीचं दूध घट्ट आणि जास्त ऊर्जा देणारं असतं. तेवढीच ताकद गाईच्या दुधातून मिळवायची तर पिल्लाला कितीतरी जास्त दूध प्यावं लागेल आणि त्यासोबत लॅक्टोज ही दुधातली साखरही जास्त पोटात जाईल. ती पचली नाही की जुलाब सुरू होतात. शंभर ग्रॅमच्या जिवाच्या अंगात पाणी असतं तरी किती? एका दिवसाच्या जुलाबानं ते कोरडं पडतं. शिवाय टॉरिन हा मांजराच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागणारा घटक गाईच्या दुधात नगण्य असतो.

मग पाणी घालून पातळ केलेलं दूध? ते आणखी निकस. म्हशीचं? स्निग्धांश जास्त, पण लॅक्टोजही गाईच्या दुधाइतकंच. शेळीचं दूध बऱ्याच जणांना सोसतं असं वाटतं, पण तेही मांजरीच्या दुधाच्या जवळपास जात नाही. लहान मुलांच्या डब्यातली पावडर तर माणसाच्या बाळासाठी बनवलेली असते, म्हणजे लॅक्टोज जास्त आणि प्रथिनं आणखी कमी.

योग्य पर्याय दोन. पहिला, दुसरी व्यालेली मांजर. गल्लीत किंवा वस्तीवर कुणाच्या घरी साधारण त्याच वयाची पिल्लं असलेली मांजर असेल, तर ती अनेकदा परकं पिल्लूही पोटाशी घेते. आधी तिच्या पिल्लांच्या अंथरुणात पिल्लाला थोडं घोळवा, तिचाच वास लागू द्या, आणि पहिला तासभर लक्ष ठेवा. ती फिस्कारली तर जबरदस्ती नको. खेड्यात हा पर्याय शहरापेक्षा सहज सापडतो आणि तो कुठल्याही पावडरीपेक्षा चांगला आहे.

दुसरा, मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर. 'किटन मिल्क रिप्लेसर' या नावानं ती ऑनलाइन मिळते, मोठ्या गावांतल्या पेट शॉपमध्येही असते. जामखेडला पार्सल यायला दोन-तीन दिवस लागू शकतात, त्यामुळे नगरहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला किंवा एसटीनं पार्सल पाठवणाऱ्याला फोन करणं जास्त शहाणपणाचं. ती येईपर्यंत काय द्यायचं, हे पशुवैद्यकाला फोनवर विचारा. मधल्या काही तासांसाठी कोमट ओआरएस थेंबाथेंबानं देता येतं, पण तो पाण्याचा आधार आहे, अन्न नाही. ऊब देऊनही पिल्लू मलूल असेल तर ग्लुकोजच्या पाण्याचा एखादा थेंब बोटानं हिरडीवर लावायचा. त्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं उतरते.

पाजायचं कसं?

बशीत तर नाहीच. महिन्याच्या आतल्या पिल्लाला लपलप पिता येत नाही, ते नाकानं दूध ओढून घेतं. मेडिकलमधून एक-दोन मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका. पिल्लांची छोटी दुधाची बाटली मिळाली तर उत्तम.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. पिल्लाला माणसाच्या बाळासारखं मांडीवर उताणं झोपवून पाजतात. फोटो छान येतो, पण दूध श्वासनलिकेत जातं. पिल्लू आईला पितं तसंच हवं: पालथं, पोट टेकलेलं, मान किंचित वर. सिरिंज तोंडाच्या कडेनं घालायची आणि थेंब थेंब सोडायचा, ते गिळेल त्याच वेगानं. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, तोंड खाली करून पुसून घ्या. त्यानंतर श्वासाचा घरघर आवाज येत राहिला तर दवाखाना गाठा.

दूध मनगटावर टाकून पाहिल्यावर कोमट लागायला हवं. किती पाजायचं? वजनाच्या दर १०० ग्रॅममागे एका वेळी चार मिलीच्या आसपास, त्याहून जास्त नको. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी, तिसऱ्यात चार-पाच तासांनी. रात्री अडीचचा गजर कोण लावणार, हे पिल्लू ठेवून घ्यायच्या आधीच घरात ठरवलेलं बरं. एकट्यानं हे दोन आठवडे काढणं कठीण आहे.

पाजल्यावरचं काम

हे अनेकांना माहीतच नसतं. तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई त्याचा पार्श्वभाग चाटते तेव्हाच ते होतं. आई नसेल तर कोमट पाण्यात बुडवलेला कापूस घेऊन, प्रत्येक वेळी पाजण्याआधी किंवा नंतर, तिथे हलकेच पुसत राहायचं. मिनिटभरात शू होते. हे केलं नाही तर पोट फुगतं आणि पिल्लू दगावतं, सगळं दूध व्यवस्थित पाजलेलं असूनही.

शू फिकट, जवळजवळ पाण्यासारखी हवी. गडद पिवळी असेल तर अंगात पाणी कमी आहे. शी रोज झालीच पाहिजे असं नाही, पण पातळ पाण्यासारखी झाली तर लगेच पशुवैद्यकाला कळवा.

काटा आणि वही

आरोग्यसेविका बाळांची वजनं करून नोंदवत असत, कारण मूल सुकायला लागलंय हे डोळ्यांच्या आधी काटा सांगतो. पिल्लाचंही तसंच. जन्मतः ते साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. तो नसेल तर ओळखीच्या किराणा दुकानात दिवसातून एकदा, एकाच वेळी वजन करून घ्या. दुकानदार हसेल, हसू दे. एक दिवस वजन वाढलं नाही तर सावध व्हा, घटलं तर त्याच दिवशी दवाखाना.

घरातली विषं

फरशी पुसायचं फिनेल मांजरासाठी विष आहे. त्यातले फिनॉल वर्गातले पदार्थ मांजराच्या यकृताला निपटता येत नाहीत. पंजाला लागलं, ते चाटलं, की पोटात गेलं. खोक्याजवळची जागा साबणाच्या पाण्यानंच पुसा. पिल्लाच्या जखमेवर डेटॉलही लावू नका. कपाटातल्या डांबरगोळ्या दूर ठेवा.

ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलच्या गोळीचा तुकडा देणारे लोक आहेत. मोठ्या मांजराचाही त्यानं जीव जातो.

आणि पिसवा. सापडलेल्या पिल्लावर त्या असतातच, आणि इतक्या लहान जिवाचं रक्त शोषून त्याला मारूही शकतात. हिरड्या पांढरट दिसल्या तर ते लक्षण. पण म्हणून गोठ्यातलं गोचिडाचं औषध किंवा कुत्र्याची पावडर लावायची नाही. परमेथ्रिनसारखी त्यातली द्रव्यं मांजराला घातक असतात. उवांची बारीक फणी घ्या, साबणाच्या पाण्यात बुडवत बुडवत पिसवा काढा, नंतर पिल्लू पूर्ण कोरडं आणि उबदार करा.

पशुवैद्यकाकडे कधी?

दूध ओढत नसेल, ऊब देऊनही गारच राहत असेल, सतत ओरडत असेल किंवा एकदम गप्प झालं असेल, डोळ्यांतून पू येत असेल, तर थांबू नका. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना जनावरांसाठी असला तरी मांजरालाही नेता येतं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. ती सेवा मुख्यतः गाई-गुरांसाठी चालते, पण जवळ डॉक्टर कोण, एवढं तरी तिथे विचारता येतं.

सगळं ठीक असलं तरी जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून, डॉक्टरांनी वजनावर ठरवलेल्या मात्रेत, सुरू होतं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, रेबीजची साधारण तीन महिन्यांना. घरात आधीचं मांजर असेल तर नव्या पिल्लाला दोन आठवडे वेगळं ठेवा.

माणसांसाठी दोन-तीन गोष्टी. पिल्लानं चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि सरकारी रुग्णालयात रेबीजच्या लशीसाठी जा. 'एवढंसं तर आहे' म्हणून टाळू नका, त्याच्या आईला काय झालं होतं हे कुणालाच माहीत नसतं. अंगावर गोल चट्टे उठले तर गजकर्ण असू शकतं, ते पिल्लाकडून माणसाला होतं. घरात गरोदर बाई असेल तर मांजराची शी उचलण्याचं काम दुसऱ्यानं करावं, आणि रोजच्या रोज करावं. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी शीमध्ये एक ते पाच दिवस राहिल्यावरच संसर्गजन्य होतो.

महिन्यानंतर

इथून पुढचा रस्ता सोपा आहे. चौथ्या आठवड्यापासून दुधाच्या पावडरीत कालवलेलं मऊ किटन फूड बोटावर चाटवायला सुरुवात करा. मीठ-मसाल्याशिवाय शिजवलेलं, हाडं काढलेलं चिकन हळूहळू चालेल. दूध-भातावर मांजर वाढत नाही, त्याला मांसच लागतं. शाकाहारी घरात हा प्रश्न आधीच सोडवून घ्या. शीसाठी उथळ ट्रेमध्ये वाळू किंवा लाकडाचा भुसा ठेवा. ओलं झाल्यावर गोळा होणारी विकतची माती इतक्यात नको, पिल्लं ती खातात.

आणि आता नको म्हणून बाजारतळावर किंवा गावाबाहेरच्या हॉटेलपाशी सोडून देणं हा मार्ग नाही. उपासमार होईल अशा परिस्थितीत जनावर टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. दुसरं घर शोधायचं असेल तर पिल्लू किमान दोन महिन्यांचं होऊ द्या.

पिल्लू भाटी असेल तर आणखी एक तारीख वहीत लिहून ठेवा. चार-पाच महिन्यांची मांजर गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. नसबंदी कुठे होते, कधी करायची, याची चौकशी लसीच्या वेळीच करून ठेवा. त्यासाठी नगरला जावं लागलं, तर एकदाच जावं लागतं.